झिजलेल्या अक्षरांतलं शोकपत्र

"हे काय आहे?" जोर्जेटबाईंनी विचारलं. हातातला कागद त्यांनी चष्म्यापासून हातभर लांब धरला होता.

"शोकपत्र आहे, आई. बाबांचं."

"कुणाचं?"

"बाबांचं. एवढं मोठं नाव आहे की वर."

"नाव दिसतंय रे. पण ते गेले, हे कुठे लिहिलंय?"

वानेसने वाकून कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे 'अत्यंत दुःखाने कळवितो की' अशी एक नाजूक ओळ होती. म्हणजे संगणकाच्या पडद्यावर तरी ती होती. कागदावर उतरताना तिची पार धूळधाण झाली होती.

"इथे मला डाग दिसतोय," आई म्हणाली.

"डाग नाही गं. तो झिजेचा परिणाम आहे. मुद्दाम केलेला."

जोर्जेटबाईंनी कागद टेबलावर पालथा घातला आणि त्यावर साखरेचं भांडं ठेवलं. नवरा जाऊन दोनच दिवस झाले होते. भांडायला अंगात बळ नव्हतं.

ओडील देव्होल्डेरे रविवारी पहाटे इप्र शहरातल्या इस्पितळात वारले. रेनिंगकर्के गावात त्यांचा छापखाना होता आणि बावन्न वर्षं गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं शोकपत्र तिथेच छापलं गेलं होतं. जाड काळी चौकट, वरच्या कोपऱ्यात क्रूस, मध्ये नाव, खाली नातेवाइकांची लांबलचक यादी. बेकरीच्या काचेला ती चौकट लागली की रस्त्याच्या पलीकडूनच लोक टोपी काढत, आणि मग कोण गेलं ते वाचायला जवळ येत. कोणी कितीही आजारी असो, कानावर काहीही येवो, काळी चौकट लागेपर्यंत रेनिंगकर्केत कोणी मरत नसे. एकदा एका म्हातारीला लोकांनी नुसत्या ऐकीव बातमीवर मारलं होतं आणि ती पुढे अकरा वर्षं जगली. प्रत्येकाला भेटून तिने त्याचा जाब विचारला. तेव्हापासून गाव कागदाशिवाय कुणावर विश्वास ठेवत नसे.

छपाईच्या बाबतीत ओडील फार कडक होते. एखाद्या खिळ्याचा, म्हणजे शिशात ओतलेल्या अक्षराचा, कोपरा जरा मोडला, रेघ जरा बोथटली, की तो खिळा कोपऱ्यातल्या भंगारपेटीत जायचा. "मेलेल्या माणसाला तरी धड अक्षर मिळू दे," असं ते म्हणत. त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, वानेसने, गेंटला जाऊन संगणकावर अक्षरं काढायचा धंदा पत्करला, तोवर सगळं ठीक होतं. पण चार वर्षांपूर्वी तो घरी आला आणि जाताना नेमकी ती भंगारपेटीच घेऊन गेला. त्या मोडक्या, बोथट खिळ्यांचे ठसे घेऊन त्याने एक फॉन्ट तयार केला. नावही 'भंगारपेटी'च ठेवलं. फॉन्ट तुफान चालला. अर्ध्या युरोपातल्या न्हाव्यांच्या पाट्या, बर्गरच्या दुकानांचे फळे, जिनच्या बाटल्या आणि बिअरची लेबलं त्यात छापली जाऊ लागली. कालच उघडलेलं दुकान शंभर वर्षांचं वाटायला लागायचं.

"मी जन्मभर जी घाण बाहेर काढली, ती तू लोकांना विकतोस," एवढंच ओडील म्हणाले. त्यानंतर बापलेकांत लोणी इकडे दे, दार लाव, याच्यापलीकडे बोलणं झालं नाही. इस्पितळातही नाही. वानेसला वाटे, एकदा बसून नीट समजावू. बाबा, ही थट्टा नाही, हे तुमचंच काम आहे, मला ते देखणं वाटतं. पण बसायचं राहून गेलं. मग त्याने ठरवलं की जे तोंडाने सांगता आलं नाही ते कागदावर सांगायचं. बाबांचं शोकपत्र बाबांच्याच अक्षरांत. त्याने रात्रंदिवस खपून ते केलं. काळी चौकट जड वाटली म्हणून काढली. आई बिअरमध्ये घालतात त्या हॉपची शेती करणाऱ्याची लेक, म्हणून नावाभोवती हॉपच्या वेलीची कमान टाकली. मध्ये ठसठशीत 'ओडील देव्होल्डेरे', त्याखाली '१९४१', त्याखाली 'रेनिंगकर्के'. मृत्यूचं वर्षही होतं, पण ते झिजेत गेलं. उरलं ते एवढंच: शनिवारी साडेदहा वाजता, संत बेर्तीनचं देऊळ, नंतर सर्वांचं स्वागत आहे.

आणि आईला दाखवण्याआधीच त्याने साठ प्रती गावभर लावूनही टाकल्या होत्या.

बुधवारी फिरमिन आला. फिरमिन ओडीलकडे चाळीस वर्षं खिळे जुळवणारा जुळारी होता. शेवटचे तीन आठवडे तो इस्पितळात रोज जाऊन बसे, त्यामुळे त्याला कागदाची गरज नव्हती. तरी त्याने साखरेचं भांडं उचललं, कागद सुलटा केला, खिशातून भिंग काढलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"पोरा, हे तीन 'ए' बघ जरा," तो म्हणाला.

"काय झालं काका?"

"आडनावात तीन 'ए' आहेत. तिन्हींची खालची टांग एकाच जागी मोडलीय."

"एकच खिळा आहे ना तो. संगणक तोच तोच वापरतो."

"खरे खिळे असे झिजत नाहीत. प्रत्येकाला आपापला मार बसतो. ओडीलने हे दुरून ओळखलं असतं." भिंग खिशात टाकून फिरमिनने विचारलं, "आणि चौकट कुठाय?"

"चौकटीशिवायही लोक वाचतील की."

"आपल्या गावचे लोक वाचत नाहीत रे. चौकट बघतात."

वानेसचा चेहरा पडला, पण त्याने हट्ट सोडला नाही. जोर्जेटबाई मात्र अस्वस्थ झाल्या. त्यांना एकच चिंता होती. गावात अंत्यविधी मोठा की छोटा हे देवळात वाटायच्या आठवणकार्डांवरून ठरे. रांगेने पुढे जायचं, शवपेटीपाशी क्षणभर थांबायचं आणि मेलेल्याचा फोटो असलेलं कार्ड घेऊन परत यायचं. ओडीलच्या वडिलांच्या वेळी चारशे कार्डं संपून गेली होती. आता वानेसने तीनशे छापली होती.

"पेटीत कार्डं उरली ना वानेस," आई म्हणाली, "तर मी या गावात परत तोंड दाखवणार नाही. अख्ख्या गावाची मढी ज्याने मानाने पोचवली, त्याच्यामागे चार माणसं? नको रे बाबा. त्यापेक्षा मलाही त्यांच्याबरोबर पुरा."

गुरुवारी फोन वाजला. बेकरीवाल्या रोझानबाई होत्या.

"जोर्जेट, अभिनंदन गं! काचेला लावलंय बघ मी, अगदी मधोमध. गिऱ्हाइकं विचारून विचारून हैराण करतायत."

"अभिनंदन?"

"मग काय! या वयात ओडीलने बिअर काढली म्हणजे गंमत नाही. पोराची अक्कल असणार, मला कळतंय. तुमच्या हॉपचीच ना? आमच्यासाठी दोन क्रेट बाजूला ठेव हं, आमच्या ह्यांचा वाढदिवस आहे. आणि ओडीलची तब्येत कशी आहे आता? इस्पितळातून कधी सोडतायत?"

जोर्जेटबाईंनी फोन खाली ठेवला. मग खुर्चीत बसून त्यांनी वानेसला सगळं सांगितलं.

वानेस कोट चढवायला लागला. "मी जातो आत्ता. घरोघरी जाऊन सांगतो."

"खबरदार," आई म्हणाली. "बावन्न वर्षं या गावाला मेलेलं माणूस तुझ्या बापाच्या कागदावरून कळलं. आणि त्याच्या वेळी तोंडी सांगत फिरायचं? माझा नवरा मेलाय, या हो, म्हणून माणसांची भीक मागायची? कागद चुकला असेल तर कागद नीट कर."

कागद नीट करायला शुक्रवारचा दिवस हातात होता. पुन्हा छापायला वेळ नव्हता. फिरमिनने छापखान्यातून काळ्या चिकटपट्टीची तीन रिळं आणली आणि दोघे भर पावसात गावभर फिरले. प्रत्येक कागदाला हाताने काळी चौकट डकवायची, असा बेत होता. बेकरी शुक्रवारी बंद असते. खाटीक हॉपच्या बाजाराला गेलेला. शाळेतला कागद मास्तरीणबाईंनी सुंदर वाटला म्हणून घरी नेलेला. कॅफेच्या मालकाने तर तो काचेच्या फ्रेममध्ये बसवला होता आणि तो हात लावू देईना.

"तुझ्या बिअरची जाहिरात फुकट करतोय ना मी? मग गप बस," तो म्हणाला.

"अहो, बिअर नाही हो. बाबा गेलेत."

"कुठे?"

"वारले!"

कॅफेवाल्याने वानेसकडे पाहिलं, फ्रेमकडे पाहिलं आणि डोळा मारला. "लोकांची उत्सुकता ताणायची युक्ती काय? आमच्या वेळी नव्हतं बाबा असलं. चौकटीशिवाय मी नाही मानायचा."

फिरमिनने पट्टीचं रीळ वर केलं. "चौकटच लावायला आलोय."

"माझ्या फ्रेमला चिकटपट्टी? निघा."

संध्याकाळपर्यंत अकरा कागदांना चौकट लागली. बसथांब्यावरच्या कागदाला पट्टी लावून वानेस जरा मागे सरकला. खडबडीत अक्षरं, हॉपची वेल आणि भोवती जाड काळी पट्टी. तिथे उभ्या असलेल्या एका तरुणाने लगेच मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला.

"आत्ता कसं जमलं," तो म्हणाला. "आधी जरा रिकामं वाटत होतं."

असेच दहावीस फोटो दोन दिवस नव्या बिअरची जाहिरात म्हणून शौकिनांत फिरत होते आणि आता त्यांत हाही गेला, हे वानेसला शनिवारी सकाळी कळलं.

शनिवारी सव्वादहा वाजता देवळात जोर्जेटबाई, वानेस, फिरमिन आणि कोर्त्रैकहून आलेले अकरा नातेवाईक एवढेच होते. जोर्जेटबाई पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या. मागे वळून माणसं मोजायची नाहीत, हा रिवाज त्यांनी पाळला, पण देवळातली शांतता त्यांना कळत होती. वानेसने आयुष्यात इतकी लाज कधी अनुभवली नव्हती. बाप मेला आणि मुलाने त्याच्या मरणाचीही बातमी पोचू दिली नाही. काही तरी करायला हवं होतं आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दहा वाजून वीस मिनिटं झाल्यावर मागचं दार करकरलं. मग पुन्हा. मग ते बंद व्हायलाच तयार होईना. ओले बूट वाजू लागले, बाकं सरकू लागली. वानेसने हळूच मागे पाहिलं. दाढीवाले पुरुष, लोकरी टोप्या घातलेल्या बायका, लीलहून आलेले फ्रेंच, सीमेपलीकडचे सायकलवाले डच. कित्येकांच्या गळ्यात बिअरची चव घ्यायचे छोटे ग्लास दोरीने लटकत होते. अडीचशे माणसं तरी असतील. गावातलं एकही नाही. गावकऱ्यांनी गल्लीत परक्या गाड्यांची गर्दी पाहिली, आता हे पिऊन दंगा करणार म्हणून झडपा ओढल्या आणि घरात बसून राहिले.

आलेल्यांना शवपेटी दिसली. कुजबुज झाली. "काय मांडणी केलीय राव," असं कोणी तरी म्हणालं, आणि बाजूच्या बाईने त्याला कोपर मारलं. तेवढ्यात पाद्रीबाबा आले, धूप पेटला, प्रार्थना सुरू झाली. तीनचार जण पाय न वाजवता निसटले. बाकीचे एकदा आत आल्यावर उठायचं कसं म्हणून बसले, आणि बसल्यावर टोप्या काढून बसले. गळ्यातले ग्लास त्यांनी कोटाच्या आत सरकवले.

मग रांग लागली. रांग लावण्यात त्या लोकांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. एकेक जण पुढे यायचा, पेटीपुढे मान झुकवायचा, टोपलीतून कार्ड घ्यायचा आणि कार्डावरच्या फोटोकडे निरखून बघायचा. फोटोत ओडील एप्रन बांधून यंत्रापाशी उभे होते आणि भोवती तीच अक्षरं होती. काहींनी दोन कार्डं घेतली. एका डच माणसाने पाच घेतली, कारण तो लेबलं जमवत असे.

"पहिला ग्लास कुठे मिळेल?" त्याने वानेसला अगदी हळू विचारलं.

"नंतर सभागृहात कॉफी आहे," वानेस कसाबसा म्हणाला.

"कॉफीची बिअर? वा," तो म्हणाला आणि समाधानाने जागेवर जाऊन बसला.

जोर्जेटबाईंना रांग संपेचना असं दिसलं तेव्हा त्यांचे खांदे हलू लागले. वानेसने त्यांचा हात धरला. "बघ, बघ किती माणसं," त्या रडत म्हणाल्या, "मी उगीच तुला बोलले रे." वानेसला वाटलं, जमीन दुभंगावी आणि बाबांच्या आधी आपणच आत जावं.

सभागृहात हॅमचे आणि चीजचे पाव होते, कॉफी होती आणि बिअरचा थेंबही नव्हता. तोवर बहुतेकांना सगळा उलगडा झाला होता. पण बाहेर पाऊस होता, पोटात भूक होती आणि पाव चांगले होते. शिवाय फिरमिन बोलायला लागला होता. ओडीलने एका स्वल्पविरामासाठी आठशे कागद कसे फाडले, हे त्याने सांगितलं, तेव्हा चाळीस दाढीवाले त्याच्याभोवती गोळा झाले होते. गेंटच्या एका धिप्पाड माणसाचे तर डोळे भरून आले. त्याचे वडील उन्हाळ्यातच गेले होते.

"ही माणसं कुठली?" जोर्जेटबाईंनी फिरमिनला बाजूला घेऊन विचारलं.

"धंद्यातली आहेत, वहिनी," फिरमिन म्हणाला. "लांबून आलीत."

तीनशे कार्डांपैकी एकही उरलं नाही.

रविवारी पाद्रीबाबांनी प्रार्थनेत ओडीलचं नाव दिवंगतांत घेतलं आणि रेनिंगकर्केच्या छातीत धस्स झालं. बाहेर येऊन लोक सरळ दफनभूमीत गेले. ताजी माती होती, फुलं होती. त्यानंतर दोन दिवस जोर्जेटबाईंच्या दारात रांग लागली. कोणी केक आणला, कोणी नुसतीच मान खाली घालून उभं राहिलं. कॅफेवाला फ्रेम घेऊन आला आणि काय बोलावं न कळून ती परत घेऊन गेला. आणि प्रत्येकाने जाताना एकच गोष्ट मागितली: कार्ड. गावातल्या प्रत्येक घरी बिस्किटांच्या डब्यात सगळ्या मेलेल्यांची कार्डं जपलेली असत. ओडीलचं नसेल तर डबा अपुरा.

"छाप," आई म्हणाली. "या वेळी नीट छाप. त्यांच्यासारखं."

वानेसने गेंटच्या कामाला आठवडाभर रजा टाकली. बापाचा एप्रन बांधून तो फिरमिनच्या शेजारी उभा राहिला आणि लहानपणानंतर पहिल्यांदा त्याने हाताने खिळे जुळवले. एकेक खिळा उजेडात धरून पाहायचा. जरा कोपरा गेलेला असेल तर बाजूला. पहिल्या दिवशी त्याची बोटं सोलवटली. दुसऱ्या दिवशी एक अख्खी छपाई त्याने स्वतःच फाडून टाकली, कारण तळाच्या ओळीतल्या एका अक्षराची शेपटी किंचित बोथट आली होती. फिरमिनलाही ती दिसली नव्हती. तिसऱ्या दिवशी वानेसला अचानक रडू फुटलं. चार वर्षं बाबा कशावर रागावले होते हे त्याला आता बोटांनी कळत होतं. रोज सकाळी उठून ते झिजेशी भांडत होते, रोज थोडे हरत होते, आणि त्या हरण्याचाच आपण फॉन्ट केला.

गुरुवारी संध्याकाळी दोनशे कार्डं तयार झाली. काळी चौकट, कोपऱ्यात क्रूस, अक्षर न् अक्षर स्वच्छ. फिरमिनने भिंग लावून पहिलं कार्ड वरपासून खालपर्यंत तपासलं.

"चालेल," तो म्हणाला. ओडीलही कामगारांना याहून जास्त कधी काही म्हणत नसत.

शुक्रवारी सकाळी छापखान्याचं दार उघडलं तेव्हा रोझानबाई सर्वांत पुढे होत्या. मागे आणखी सात-आठ जण. आतल्या दाराआड, स्वयंपाकघरात जोर्जेटबाई भांडी विसळत होत्या. वानेसने दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. रोझानबाईंनी ते घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, मागच्या बाईला दाखवलं.

"छान आहे हं," त्या म्हणाल्या. "मेहनत दिसतेय. पण बाळा, ती पहिली नाहीत का उरलेली? त्या बाहेरच्या लोकांना दिलीस ती, काचेवरच्या कागदासारखी?"

"ती संपली. आणि ती चुकीची होती, रोझानकाकू. हे बरोबर आहे."

"तसं नाही रे. हे जरा..." रोझानबाई शब्द शोधू लागल्या. "हे जरा नव्या पद्धतीचं वाटतं. यंत्रातून काढल्यासारखं. ती कशी जुन्या धाटणीची होती. जरा पुसट, जरा मोडकी. ओडील छापायचा तशी."

"हो ना," मागची बाई म्हणाली. "आमच्या सासूबाईंचं कार्ड ओडीलनेच छापलेलं. अगदी तसंच आहे. डोळे मिटले तरी समोर दिसतं."

मागच्या सात-आठ माना एकदम हलल्या.

वानेसने एकेकाकडे पाहिलं. बावन्न वर्षांचं काम या लोकांच्या घराघरांत डब्यांमध्ये पडून होतं आणि एकानेही ते पुन्हा उघडून बघितलं नव्हतं. त्याने टेबलावर मूठ आपटली, तशी खिळ्यांची पेटी खणखणली.

"पुसट?" तो ओरडला. "मोडकी? या छापखान्यातून जन्मात कधी मोडकं अक्षर बाहेर गेलेलं नाही! एक दाखवा! एक आणून दाखवा मला, मग तोंड उघडा!"

रोझानबाई एक पाऊल मागे सरकल्या.

"हळू बोला हो," स्वयंपाकघरातून जोर्जेटबाईंचा आवाज आला. "गिऱ्हाईक आहे ते."

हे वाक्य त्या गेली बावन्न वर्षं तिथूनच ओडीलला म्हणत आल्या होत्या. म्हणून झाल्यावर आत नळ तसाच वाहत राहिला, कितीतरी वेळ. वानेसची मूठ टेबलावर तशीच होती. फिरमिनने तोंड फिरवून भिंग पुसायला घेतलं.

"बरं बाई, नसतील उरली तर राहू दे," रोझानबाई हलकेच म्हणाल्या आणि हातातलं कार्ड त्यांनी अगदी जपून टेबलावर परत ठेवलं. "पुन्हा तशी छापलीस की सांग. आम्ही थांबतो."